घड्याळाच्या काचेवरचं अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग घरच्या घरी कसं काढायचं

घड्याळ नवं असताना काच आहे हे जाणवतच नाही, डायल जणू उघडीच आहे असं वाटतं. पुढे वापरात त्याच काचेवर बारीक चंदेरी रेघा दिसायला लागतात. सफायरवर, म्हणजे कृत्रिम नीलमाच्या काचेवर, चरे पडत नाहीत असं ऐकून घड्याळ घेतलेलं असतं, त्यामुळे आपली फसवणूक झाली की काय असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. सफायर जशीच्या तशी असते, ओरखडे पडलेले असतात ते तिच्यावरच्या चमक मारणाऱ्या पातळ थरावर, म्हणजे अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंगवर. ते कोटिंग पूर्ण काढून टाकलं की खालची स्वच्छ, कडक काच मिळते. काम घरी होण्यासारखं आहे, पण दोन अटींवर: काच खरी सफायर हवी, आणि हात घातल्यावर काम अर्धवट सोडायचं नाही. अर्धवट निघालेलं कोटिंग ओरखड्यांपेक्षा वाईट दिसतं.

कोटिंग म्हणजे नेमकं काय

काचेच्या प्रत्येक बाजूवरून थोडा उजेड मागे फिरतो. किती फिरेल हे अपवर्तनांकावर, म्हणजे काच उजेडाला किती वाकवते त्यावर, ठरतं. मिनरल ग्लासचा, म्हणजे घड्याळांच्या साध्या काचेचा, अपवर्तनांक साधारण १.५२, म्हणून तिच्या एका बाजूवरून सुमारे ४ टक्के उजेड परततो. सफायरचा १.७७. तिथे एका बाजूचेच जवळपास ८ टक्के होतात आणि दोन्ही बाजू मिळून १५ टक्क्यांच्या आसपास. बिनकोटिंगची सफायर काच आरशासारखी चमकते ती यामुळेच. ही चमक मारण्यासाठी निर्वात पेटीत काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइड, सिलिकॉन डायऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड अशा पदार्थांचे अतिशय पातळ थर चढवतात. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका थराची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. थराच्या वरून परतलेला उजेड आणि खालून परतलेला उजेड एकमेकांना रद्द करतात. सगळ्या रंगांचा हिशेब एकाच जाडीत बसत नाही, म्हणून थोडा निळा, जांभळा किंवा हिरवा उजेड शिल्लक राहतो. काच तिरकी धरल्यावर दिसणारी झाक तीच.

आता ओरखडे इतके डोळ्यात का भरतात ते लक्षात येईल. शाबूत कोटिंगवरून टक्का-अर्धा टक्का उजेड परततो, आणि ओरखड्याच्या रेघेत उघड्या पडलेल्या सफायरवरून ८ टक्के. खोली नगण्य, पण उजेडातला फरक दसपट.

कडकपणाच्या मोह्स मापावर हिरा १०, सफायर ९, कोटिंगमधले पदार्थ साधारण ६ ते ७, मिनरल ग्लास ५ ते ६ आणि ॲक्रिलिक ३ च्या आसपास. सगळं काम या आकड्यांवर उभं आहे. कोटिंग सफायरपेक्षा बरंच मऊ असल्यामुळे बारीक हिऱ्याच्या पेस्टने ते निघतं आणि त्याच वेळात सफायरची झीज जवळजवळ होत नाही. मिनरल ग्लास मात्र कोटिंगइतकीच किंवा त्याहून मऊ. तिथे कोटिंगबरोबर काचही खरवडली जाते.

हात घालण्याआधी तीन तपासण्या

पहिली, काच कोणती आहे. मागच्या झाकणावर किंवा कंपनीच्या माहितीत सफायर क्रिस्टल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे जा. सेइकोची हार्डलेक्स ही टणक केलेली मिनरल ग्लास आहे, सफायर नाही. ‘सफायर कोटेड’ म्हणजे मिनरल ग्लासवर दिलेला पातळ थर, तिच्याही वाटेला जायचं नाही. पाण्याचा थेंब काचेवर गोळा होऊन राहतो की पसरतो यावरून काच ओळखण्याची युक्ती बरेच जण सांगतात. वरच्या कोटिंगमुळे थेंबाचं वागणं बदलतं, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवू नका. काच मिनरल निघाली तर घड्याळजीकडून नवी बसवून घ्या. पॉलिश करून ती लाटेसारखी वेडीवाकडी होते आणि मग तशीही बदलावीच लागते.

दुसरी, कोटिंग कुठल्या बाजूला आहे. अनेक घड्याळांत ते फक्त आतून असतं. ब्राइटलिंग आणि ओमेगाच्या बऱ्याच मॉडेल्सना दोन्ही बाजूंनी असतं. ओळखायला पांढरी प्लास्टिकची काडी घ्या आणि टेबल-दिव्याखाली तिचं टोक काचेला हलकेच टेकवून तिरक्या नजरेने पाहा. काडीची दोन प्रतिबिंबं दिसतील. टोकाला अगदी चिकटलेलं प्रतिबिंब बाहेरच्या बाजूचं, आणि काचेच्या जाडीमुळे थोडं अंतर राखून दिसणारं आतल्या बाजूचं. चिकटलेलं प्रतिबिंब अंधूक आणि निळसर असेल तर बाहेर कोटिंग आहे. ते ठळक आणि बिनरंगी असेल तर बाहेर काढण्यासारखं काहीच नाही, पेस्ट विकत घेऊ नका. आतल्या कोटिंगला कधीही हात लावायचा नाही. त्याच्यावर ओरखडे पडायचं कारण नसतं, आणि बाहेरचं गेल्यावर डायल नीट दिसण्याची सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

तिसरी, दिसतो तो ओरखडा कोटिंगचाच आहे ना. नख आडवं फिरवा. कोटिंगचा ओरखडा नखाला लागत नाही. नख अडकलं तर खुद्द सफायरला चरा किंवा टवका गेलेला आहे, आणि तो या पद्धतीने जाणार नाही. उलट प्रकारही होतो. स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या वस्तूला काच घासली की धातूच काचेवर उतरतो आणि करड्या रेघेसारखा दिसतो. साध्या खोडरबराने घासून पाहा, रेघ निघून गेली तर तुमचं काम तिथेच संपलं.

वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला काच बदलण्याबद्दल विचारा. संग्रहात ठेवायच्या जुन्या, मूळ अवस्थेतल्या घड्याळावर हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे मूळ काच, ओरखड्यांसकट, जास्त मोलाची.

सामान

मुख्य वस्तू डायमंड पेस्ट, म्हणजे हिऱ्याच्या बारीक कणांची पेस्ट. १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांची, ५ ग्रॅमची एक सिरिंज पुष्कळ होते, एका घड्याळाला त्यातली अर्धा ग्रॅमही लागत नाही. शेवटचा हात मारायला ०.५ मायक्रॉनची असेल तर उत्तम. बऱ्याच सिरिंजवर डब्ल्यू १, डब्ल्यू २.५ असं लिहिलेलं असतं, तो आकडा साधारण मायक्रॉनमधलाच. काहींवर मेश नंबर असतो आणि तिथे उलटा हिशेब: आकडा जितका मोठा तितकी पेस्ट बारीक. रंगावरून पेस्ट ओळखू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. पेस्ट पाण्यातली आहे की तेलातली हे घेतानाच पाहून ठेवा. पाण्यातली साफ करायला सोपी.

बाकी लागेल ते असं: ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं टणक फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं, नमद्यासारखं कापड), ते चिकटवायला आइस्क्रीमच्या काडीसारख्या सपाट लाकडी काड्या, टूथपिक, चांगल्या प्रतीची मास्किंग टेप, स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, मायक्रोफायबरची दोन फडकी, भिंग आणि एकच बल्ब असलेला टेबल-दिवा. प्रत्येक मायक्रॉनसाठी फेल्ट वेगळं ठेवा आणि काडीवर पेनाने आकडा लिहा. १ मायक्रॉनच्या फेल्टला २.५ चा एखादा कण लागला तरी पुढचं सगळं काम त्या कणाच्या रेघांचं होतं.

घड्याळ झाकणं

काम बिघडतं ते जास्त करून इथे, काचेवर नाही. हिऱ्याची पेस्ट सफायरला फारशी बाधत नाही, पण चकचकीत स्टीलच्या बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, एकदा घासली गेली की तिथे धुरकट डाग पडतो. ब्रश फिनिश, म्हणजे एका दिशेच्या बारीक रेघांचा पृष्ठभाग, असेल तर रेघांची दिशाच पुसली जाते आणि ती घरी परत आणता येत नाही.

पट्टा काढा. क्राउन (वेळ लावायची बाजूची खुंटी) आत दाबा, स्क्रूचा असेल तर घट्ट फिरवून घ्या. घड्याळ पाणीरोधक असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने काच आणि बेझेलमधली फट साफ करा, नसेल तर नुसत्या ओलसर फडक्याने. कोरडं झाल्यावर अल्कोहोलने पुसा, नाहीतर टेप धरत नाही.

टेपच्या ५-६ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि काचेच्या कडेला एकेक तिरकी, एकमेकींवर थोडी चढवत लावत जा. एक अख्खी टेप गोल फिरवायचा प्रयत्न केला तर ती सुरकुतते आणि त्या सुरकुत्यांतूनच पेस्ट आत जाते. प्रत्येक पट्टी टूथपिकच्या बोथट बाजूने फटीत दाबून बसवा. टेपची कड बरोबर काच आणि बेझेलच्या सांध्यावर यायला हवी. ती काचेवर एक मिलिमीटर चढली तर तिथे निळसर कडं राहील, आणि एक मिलिमीटर मागे राहिली तर बेझेल उघडी पडेल. भिंग लावून सगळा घेर तपासा. असे तीन थर द्या, कारण घासताना वरचा थर झिजतोच. मग क्राउन, कडा आणि मागचं झाकण क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, म्हणजे फक्त काच बाहेर राहील.

घासणं

फेल्टचा १२ ते १५ मिलिमीटरचा तुकडा लाकडी काडीला चिकटवा. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी पेस्ट फेल्टवर घ्या. पेस्ट पाण्यातली असेल तर पाण्याचा, तेलातली असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. काचेवर ओघळ येता कामा नये.

आधी काचेच्या एका कोपऱ्यात ५ मिलिमीटरच्या जागेवर चाचणी करा. पेन्सिलची रेघ खोडताना लावतो तेवढा जोर देऊन लहान गोल फिरवा. दोन-तीन मिनिटांनी पुसा आणि दिव्याखाली तिरकं पाहा. झाक बदललेली दिसली पाहिजे: निळा फिकट झालेला, किंवा त्याच्या जागी पिवळट-तपकिरी छटा आलेली. थर पातळ होताना रंग असा पालटतो, हे चांगलं लक्षण आहे, घाबरू नका. धुरकट डाग दिसला आणि तो पुसून जात नसला तर तिथेच थांबा. तो डाग म्हणजे काच सफायर नाही, किंवा पेस्टमध्ये जाड कण आहेत. काहीच फरक पडला नाही तर आणखी पाच मिनिटं द्या, आणि तरीही नाही तर २.५ मायक्रॉन वापरून पाहा. जाड पेस्टनेच सुरुवात करण्याचा मोह टाळा.

चाचणी जमली की सगळ्या काचेवर काम सुरू करा. आधी लहान गोल, मग एका दिशेने सरळ फेऱ्या, मग घड्याळ ९० अंशांत फिरवून पुन्हा सरळ फेऱ्या. अशी आडवी-उभी विणल्यासारखी घासणी केली की कोटिंग सारखं निघत जातं. फेल्ट कोरडं पडलं की कापणं थांबतं आणि नुसतं घर्षण उरतं, तेव्हा पुन्हा एक थेंब. दर तीन-चार मिनिटांनी एक भाग पुसून बघा. ३० मिलिमीटरच्या सपाट काचेला हाताने साधारण अर्धा ते एक तास लागतो. कोटिंगचे थर आणि त्यांचे पदार्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्यामुळे वेळ बराच पुढेमागे होऊ शकतो.

मधला भाग लवकर साफ होतो, कडेला एक रंगीत कडं मागे राहतं. ते रुंद फेल्टने निघणार नाही. काडीचं टोक पटाशीसारखं तिरकं कापा, त्यावर फेल्टची अरुंद पट्टी लावा आणि कडेकडेने, बेझेलला समांतर फिरवा. काचेच्या कडेला तासलेला उतार असेल आणि त्यावर थोडं कोटिंग राहिलं तर मी म्हणेन, राहू द्या. घालून बसल्यावर ते दिसत नाही, आणि तिथे घासताना टेप फाटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

घुमटाकार काचेवर सपाट काडी फक्त उंच भागाला टेकते. तिथे फेल्ट बोटाच्या टोकाला गुंडाळून घासा, म्हणजे ते वळणाप्रमाणे वाकतं. तारखेवरचं भिंग काचेवर चिकटवलेलं असेल तर त्याच्याभोवतीची जागा टूथपिकला गुंडाळलेल्या फेल्टने करा. भिंगावर आडवा जोर देऊ नका, खालचा चिकट थर सुटू शकतो.

यंत्र वापरायचं का?

हातात धरायच्या रोटरी टूलला फेल्टचा बफ लावून हेच काम पाच-पंधरा मिनिटांत होतं. तरी पहिल्यांदा करणाऱ्याने हातानेच करावं. यंत्राचा पहिला धोका उष्णता. एका जागी बफ दाबून धरला की काच तापते आणि तिच्याभोवतीचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं प्लास्टिकचं कडं, सैल पडतं. मग काच नवी दिसते, पण घड्याळात पाणी जातं. दुसरा धोका मोटरमधल्या चुंबकाचा. यांत्रिक घड्याळाजवळ ती फिरवली तर हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल सांभाळणारी बारीक स्प्रिंग, चुंबकित होऊ शकते आणि घड्याळ अचानक खूप पुढे पळायला लागतं. लवचीक शाफ्ट लावून मोटर दूर ठेवता आली तर हा प्रश्न सुटतो.

वापरायचंच ठरवलं तर १० ते १२ मिलिमीटरचा बफ, यंत्राचा सगळ्यात कमी वेग (बऱ्याच यंत्रांत तो मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास असतो) आणि डोळ्यांवर गॉगल. पेस्ट आधी काचेवर बोटाने पसरवा, नाहीतर बफ सुरू होताच ती भिंतीवर उडते. बफ सतत हलता ठेवा, दर वीस-तीस सेकंदांनी थांबून काचेला बोट लावा. कोमट चालेल, गरम नाही. कडेला दोन-तीन मिलिमीटर उरले की यंत्र बाजूला ठेवा आणि ते हाताने पूर्ण करा.

शेवटची तपासणी आणि सफाई

काच पूर्ण पुसा, अल्कोहोल फिरवा, खोलीतले बाकी दिवे बंद करून एकाच दिव्याचं प्रतिबिंब काचेवर घ्या आणि ते हळूहळू कडेपासून कडेपर्यंत सरकवा. प्रतिबिंबाचा रंग कुठेही बदलला नाही पाहिजे. जिथे ते अचानक मंद किंवा रंगीत होतं तिथे कोटिंगचं बेट उरलं आहे. आतलं कोटिंग असेल तर मागून येणारी निळसर झाक कायम राहील, तिला बाहेरचं कोटिंग समजून घासत बसू नका. शंका आली की पुन्हा पांढरी काडी टेकवून बघा. टोकाला चिकटलेलं प्रतिबिंब सगळीकडे ठळक आणि पांढरं असेल तर काम झालं. हवं तर नव्या फेल्टवर ०.५ मायक्रॉन घेऊन तीन-चार मिनिटांचा हलका हात मारा.

टेप काढायच्या आधी काचेवरची आणि टेपवरची पेस्ट नीट पुसून घ्या. तशीच टेप ओढली तर कडेला साठलेली पेस्ट बेझेलवर येते, आणि ती पुसताना आपणच बेझेलला पॉलिश करून बसतो. टेप काचेपासून बाहेरच्या दिशेने, सावकाश ओढा. फटीत गेलेली पेस्ट अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टिपा, घासू नका. तेलातली पेस्ट अल्कोहोलने नीट निघत नाही, तिला साबणाचं पाणी आधी लागतं.

काय वापरायचं नाही

काच खोदायची क्रीम आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल घरात आणूसुद्धा नका. त्यांतली फ्लोराइडं कोटिंग खातात हे खरं, पण ती कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधतात, आणि सौम्य द्रावणाच्या बाबतीत दुखणं काही तासांनी सुरू होतं, तोवर इजा होऊन गेलेली असते. अल्कोहोल आणि ॲसिटोनने काहीच होणार नाही, कारण कोटिंग म्हणजे रंग किंवा लाखेचा थर नाही. टूथपेस्टमधली सिलिका कोटिंगला नवे बारीक ओरखडे पाडते, ते समान रीतीने काढत नाही. पॉलिश पेपरवर बहुधा सिलिकॉन कार्बाइड असतं आणि ते सफायरहून कडक, म्हणजे आजवर शाबूत राहिलेल्या काचेलाच चरे. ॲक्रिलिकच्या काचेसाठी मिळणारी पॉलिश क्रीम सफायरवर वेळ वाया घालवते.

कोटिंग गेल्यावर काच पूर्वीपेक्षा जास्त चमकेल. आतलं कोटिंग शिल्लक असेल तर एकूण परतावा ८-९ टक्क्यांवर येतो, ते नसेल तर १५ च्या घरात. गडद डायलवर खिडकीचं प्रतिबिंब स्पष्ट दिसेल, डायलचा रंग थोडा फिका वाटेल. ओरखडे परत येणार नाहीत, हा त्याचा मोबदला. यंत्र वापरलं असेल किंवा काच घासताना गरम झाली असेल, तर पोहायला जाताना घालण्याआधी घड्याळजीकडून प्रेशर टेस्ट, म्हणजे पाणी आत जातं का याची तपासणी, करून घ्या.